रात्री जागायचंय, पण पोट बिघडू द्यायचं नाहीये

या वेळी कॉफीवरची पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. आपल्या इंदुरातल्या भंवरकुआच्या कोचिंगवाल्या मुलांपासून पीथमपूरच्या कारखान्यांतल्या नाइट शिफ्टवाल्यांपर्यंत सगळ्यांची अडचण साधारण एकच आहे, जागं तर राहायचंय पण पोट ऐकत नाही. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: काकू, मी बऱ्हाणपूरची, सध्या भंवरकुआला पीजीत राहून एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करतेय. रात्री दहा ते तीन अभ्यास असतो आणि त्यात चार-पाच मग काळी कॉफी होते, प्रत्येकात दोन चमचे इन्स्टंट पावडर. मेसचं जेवण सातलाच होतं त्यामुळे पोट रिकामंच असतं. आता छातीत जळजळ, आंबट ढेकर, आणि सकाळी कॉफीचे दोन घोट घेतले की लगेच टॉयलेटला पळावं लागतं. रूममेट म्हणते अल्सर झाला असेल. कॉफी सोडली की झोप येते, काय करू?

उत्तर: आधी ती अल्सरची भीती जरा बाजूला ठेव. अल्सरची मोठी कारणं दोन, एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू आणि दुसरं म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्यावरच्या गोळ्या. पूर्वी डॉक्टरसुद्धा टेन्शन आणि तिखटालाच दोष द्यायचे, मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी ऑस्ट्रेलियात हा जिवाणू शोधून दाखवला, त्यासाठी 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. जपानमध्ये 8000हून जास्त लोकांचा एक अभ्यास 2013 मध्ये छापून आला, त्यातही कॉफी पिण्याचा आणि अल्सरचा संबंध दिसला नाही. म्हणून मला तुला कॉफीआधी वेगळंच विचारायचंय, रात्री जागून डोकं दुखतं तेव्हा तू कुठली गोळी घेतेस? कारण रिकाम्या पोटी कॉफी आणि वर दुखण्यावरची गोळी, हे मी हॉस्टेलच्या मुलामुलींमध्ये सारखं बघते, आणि पोटाला खरा धोका त्या गोळीचा असतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत तर कॅफिनही घातलेलं असतं, गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचायची सवय लाव. घ्यायचीच वेळ आली तर साधी पॅरासिटामॉल पोटाला त्यातल्या त्यात सौम्य, पण तीही रोज नाही.

आता जळजळ का होते ते. कॉफी आंबट असते म्हणून पोट जळतं असं बरेच जण समजतात, तसं नाहीये, कॉफीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) साधारण 5 असतो आणि जठरातलं ॲसिड त्याच्यापेक्षा कितीतरी पट तीव्र असतं. होतं काय की कॉफीमुळे गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन वाढतं आणि जठर स्वतःच जास्त ॲसिड सोडायला लागतं. पोटात अन्न असेल तर ते ॲसिड त्याच्या कामाला लागतं, तुझ्या पोटात सातच्या पोळीभाजीचं रात्री एकला काही उरलेलं नसतं. शिवाय अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथली झडप काही लोकांत कॉफीने ढिली पडते, आणि तू तीनला पुस्तक मिटून लगेच आडवी होत असशील तर ॲसिड सरळ वर येतं. आंबट ढेकर तोच. सगळ्यांना होतं असं नाही बरं का, कित्येक जण जन्मभर रिकाम्या पोटी कॉफी पितात आणि त्यांना काही होत नाही, पण तुला होतंय म्हटल्यावर तुझ्या पोटाचं ऐकायचं.

आणि सकाळी पळावं लागतं त्यात आजार काही नाही. 1990 साली इंग्लंडमध्ये यावर प्रयोग झाला होता, दहातल्या साधारण तिघांना कॉफीने शौचाची भावना होते असं दिसलं आणि अशा लोकांत कॉफी प्यायल्यावर चारच मिनिटांत मोठ्या आतड्याची हालचाल वाढली. गंमत अशी की कॅफिन काढलेल्या कॉफीनेही वाढली, नुसत्या गरम पाण्याने मात्र नाही. म्हणजे हे फक्त कॅफिनचं काम नाही. दुधाची कॉफी घेऊन पोट गुडगुडत असेल, जुलाब होत असतील तर ती गोष्ट वेगळी, ते बऱ्याचदा दुधातल्या लॅक्टोज नावाच्या साखरेमुळे असतं, आपल्याकडे मोठेपणी ते न पचणारे खूप लोक आहेत.

आता हिशोब बघ. इन्स्टंट कॉफीच्या एका लहान चमच्यात ढोबळमानाने 50-60 मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर तुझे पाच मग म्हणजे 500 च्या वरच गेले. पावडरीत चिकोरी मिसळलेली असेल तर कमी, चिकोरीत कॅफिन नसतं, किती टक्के आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या माणसाला दिवसभरात 400 मिलिग्रॅम आणि एका वेळी 200 पर्यंत चालतं असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये सांगितलंय. तू दिवसभराचं कॅफिन पाच तासांत घेतेयस, तेही अशा वेळी की सकाळी आठलासुद्धा त्यातलं बरंचसं रक्तात फिरत असणार, कारण घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे तू झोपतेस तीही कच्ची झोप, मग दुसऱ्या दिवशी डोळे मिटायला लागतात, मग परत कॉफी, हे चक्र तुला कळतच असेल.

कॅफिन झोप घालवत नाही, हे मनापासून समजून घे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या जागेवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफिन काय करतं, आपण बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना तसं त्या जागांवर रुमाल टाकून ठेवतं. अ‍ॅडेनोसिन उभंच राहतं आणि त्याची गर्दी वाढतच जाते, रुमाल उचलला की सगळं एकदम बसतं. पहाटे चारला तुला जो प्रचंड थकवा येतो तो त्याचा.

तर असं कर. एकदम कॉफी सोडू नको, सोडलीस तर 12 ते 24 तासांत डोकं ठणकायला लागेल आणि ते आठवडाभरही चालू शकतं, परीक्षा तोंडावर असताना हे नको. दोन चमच्यांचा एक चमचा कर, मग दर दोन-तीन दिवसांनी एक मग कमी कर, आणि शेवटचा मग रात्री दहाच्या आत यायला हवा. त्याआधी काहीतरी खा, मूठभर फुटाणे, केळं, शेंगदाणे, सकाळचे उरलेले पोहे, काहीही, पण अभ्यास संपल्यावर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि वर जीरावन मसाला, हे तुझ्या जळजळीला नको, निदान महिनाभर तरी. झोपायच्या आधी दोन-तीन तास पोटात भरपेट काही टाकू नको, उशी जरा उंच घे, डाव्या कुशीवर झोप, त्याने ॲसिड वर येणं कमी होतं.

आणि जागं राहायला कॉफीशिवाय खूप काही आहे, फक्त ते कुणी मगात घालून देत नाही म्हणून आपण करत नाही. खोलीतला दिवा बदल, टेबल लॅम्पच्या कोपऱ्यातल्या उजेडात पेंग येणारच, मोठा पांढरा उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन दबतं. पलंगावर बसून अभ्यास बिलकुल नाही. दर पाऊण तासाने उठ, गच्चीवर चक्कर मार. नुसतं वाचत बसू नको, पुस्तक मिटून मोठ्याने सांग किंवा लिहून काढ, मेंदू कामाला लागला की पेंग मागे हटते. पाणी जवळ ठेव. तोंडावर गार पाणी मारणं ठीक आहे पण त्याचा असर काही मिनिटांचाच. आणि संध्याकाळच्या आधी वीस मिनिटांची डुलकी घे, अलार्म लावून, वीसच मिनिटं, तासभर झोपलीस तर गाढ झोपेतून उठून अजूनच जड वाटतं.

खरं सांगू, मला तर तू अकराला झोपून पाचला उठावंस असं वाटतं. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, हे आता पुष्कळ प्रयोगांनी दिसलंय, झोप कापून जितकी पानं जास्त होतात त्यातली किती परीक्षेत आठवतात हा प्रश्न तू स्वतःला विचार.

हे सगळं करूनही पंधरा दिवसांत जळजळ कमी नाही झाली तर डॉक्टरांना दाखव, मेडिकलवरून गॅसच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खात बसू नको. पायलोरीची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरून होते, लगेच दुर्बीण घालतीलच असं नाही. पण काळं डांबरासारखं शौच, उलटीत रक्त, गिळायला त्रास, आपोआप वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

प्रश्न: डॉक्टरताई, वय 66, टिळकनगर. पहाटे उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी आणि लगोलग फेटलेली कॉफी, हा माझा नेम आहे. सौ.ना रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्याही त्या कॉफीबरोबरच घेतात. चालेल ना? आणि कॅफिन काढलेली कॉफी घेतली तर ॲसिडिटी होणार नाही हे खरं का?

उत्तर: काका, नाही चालणार, दोघांचंही. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतली की ती आतड्यातून नीट शोषली जात नाही, आणि मग रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वर-खाली दिसतो आणि डोस उगीच वाढवला जातो. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर निदान अर्धा तास, तासभर थांबलात तर उत्तम, मग निवांत कॉफी फेटा. काकूंना सांगा की चहा-कॉफीमुळे अन्नातलं आणि गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, तर गोळीच्या आधी आणि नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नको, त्यापेक्षा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, व्हिटॅमिन सी ने फायदा होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होतं, त्याला घाबरू नका.

कॅफिन काढलेल्या कॉफीने झोप उडत नाही इतकंच, जठरात ॲसिड तीही वाढवते. तुम्हाला जळजळ नसेल तर सकाळचा एक कप खुशाल चालू द्या.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, मित्रांबरोबर एनर्जी ड्रिंकचे कॅन पितो, म्हणतो कॉफीपेक्षा हलकं असतं. पिऊ देऊ का?

उत्तर: नाही. 250 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 75-80 मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे एका मगभर कॉफीइतकं, वर पाच-सहा चमचे साखर, आणि गार असल्यामुळे दोन मिनिटांत संपतं आणि दुसरा उघडला जातो. मुलांसाठी नाही असं कॅनवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याला स्वतःला वाचायला लावा, तुम्ही सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल. दहावीच्या मुलाला आठ तास झोप लागते, ती मिळत नसेल तर मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा, माझ्या अनुभवात कॅनपेक्षा मोठं कारण तिथेच सापडतं.

प्रश्न: ताई, मी पीथमपूरला मशीनवर आहे, दर तिसऱ्या आठवड्याला रात्री 10 ते सकाळी 6 ची शिफ्ट. कँटीनची कॉफी रात्रभर चालू असते. तरी तीन-साडेतीनला डोळे मिटतातच आणि घरी आल्यावर झोप लागत नाही. त्या आठवड्यात पोटाचं पण सगळं बिघडतं. काय उपाय?

उत्तर: भाऊ, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला कारण यात तुमचा हात मशीनखाली असतो. तीन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात खालची, तेव्हा शरीराचं तापमानही दिवसातलं सगळ्यात कमी असतं, त्यामुळे पेंग येणं हा तुमचा कमकुवतपणा नाही. पण त्या पेंगेवर तुम्ही तीनला कॉफी घेता आणि तीच कॉफी सकाळी आठला घरी तुमची झोप खाते. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी भरपूर कॅफिन घेतलेल्यांचीसुद्धा झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. म्हणून कॉफी पुढे ओढा. शिफ्टच्या सुरुवातीला एक, बाराच्या सुमारास अर्धी, एक वाजल्यानंतर बंद.

कामावर जायच्या आधी संध्याकाळी दीड तास झोपून घ्या, हा उपाय सगळ्या कॉफीपेक्षा भारी आहे. मधल्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायची सोय असेल तर सोडू नका, सुपरवायझरला सांगा की नासाने पायलटांवर हेच करून बघितलंय, सरासरी 26 मिनिटांच्या झोपेने त्यांचं काम 34 टक्के सुधारलं होतं. उठल्यावर मात्र दहा मिनिटं तरी मशीनला हात लावू नका, झोपेचा जडपणा उतरू द्या. पेंग यायच्या वेळी उभ्याने करायचं काम मागून घ्या, ट्यूबच्या उजेडात राहा, जोडीदाराशी बोलत राहा.

पोटाचं म्हणाल तर पोटालाही रात्र असते. रात्री दोनला डबा भरून पोळी-भाजी-भात खाल्ला तर तो तसाच पडून राहतो, मग गॅस, ॲसिडिटी, आणि वर पेंग जास्त. जेवण घरून करून निघा, मध्ये हलकं काहीतरी, दही-पोळी किंवा मुरमुरे किंवा फळ, कचोरी-समोसा नाही. सकाळी घरी पोचल्यावर थोडे पोहे खा आणि झोपा, उपाशी झोपलात तर दहाला भुकेने जाग येईल.

घरी येताना गॉगल लावा, सकाळच्या उन्हाने मेंदूला वाटतं दिवस उजाडला. कंपनीची बस असेल तर बसनेच या, रात्रभर जागून राऊच्या रस्त्याने बाइक चालवणं मला अजिबात मान्य नाही. खोलीला जाड पडदे, कानात बोळे, कारण आपल्या इंदुरात सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येणार म्हणजे येणारच. आणि घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा, दिवसा झोपलेल्या माणसाला “जरा सिलेंडर घ्यायला उठ” म्हणणं म्हणजे रात्री दोनला उठवण्यासारखंच आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

प्रश्न: नोकरी संपवून शुक्रवारी रात्री 10 ला कारने पुण्याला निघतो, पहाटेपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. थर्मासमध्ये कडक कॉफी, खिडकी उघडी, गाणी मोठी. बायको म्हणते हे धोक्याचं आहे. तुमचं मत?

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे, आणि मी त्यांच्यापेक्षा कडक बोलणार आहे. तुम्ही सकाळी 6 ला उठला असाल तर रात्री 11 ला तुम्हाला जागून 17 तास झाले, तेव्हा तुम्ही जेमतेम मानपूरजवळ असाल, पुढे नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा घाट. 17 तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात 100 मिलीला 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतक्या मंद होतात, हे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियात मोजून बघितलंय, आणि आपल्या कायद्यात मर्यादा 30 ची आहे. दारू पिऊन तुम्ही गाडी काढणार नाही हे मला माहिती आहे, मग ही का काढता?

खिडकी आणि गाणी यांचाही प्रयोग झालाय, उपयोग थोडा वेळ होतो आणि मग नाही. कॉफीचा असर यायला अर्धा तास लागतो आणि ती डुलकी रोखेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. 90 च्या वेगात गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, चार सेकंद डोळे मिटले की 100 मीटर कुणीच गाडी चालवत नव्हतं. बिजासन घाटात 100 मीटर खूप असतात, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात.

शनिवारी पहाटे 5 ला निघा, रात्री नीट झोपून. शुक्रवारीच निघायचं असेल तर संध्याकाळी कामावरून थोडं लवकर सुटून उजेडात निघा, रात्री धुळ्यात मुक्काम करा, उरलेला रस्ता सकाळी. किंवा सरळ स्लीपर बस घ्या. दर दोन तासांनी थांबायचंच, पेंग येवो न येवो, आणि दुपारच्या जेवणानंतरचे 2 ते 4 सुद्धा पेंगेचेच असतात हे लक्षात ठेवा. जांभया, लेन सुटणं, मागचा टोलनाका कधी गेला ते न आठवणं, यातलं एक जरी झालं तर पेट्रोल पंपावर उजेडात गाडी लावा, एक कप कॉफी प्या आणि लगेच सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं झोपा. कॉफी चढायला लागेल तेवढ्यात तुम्ही उठलेले असाल, दोन्हीचा फायदा मिळतो, इंग्लंडमध्ये ड्रायव्हरांवर हे करून बघितलंय. तेवढ्याने साधारण तासभर मिळतो, तो पुण्याला पोचायला वापरायचा नाही, मुक्कामाची जागा गाठायला वापरायचा. आणि वहिनींना गाडी येत असेल तर किल्ली त्यांच्याकडे द्या, अट एकच, त्या झोपून उठलेल्या असायला हव्यात.